राजाच्या घराचा नकाशा डोंगराने काढला

एक कागद घ्या आणि त्यावर एक राजवाडा काढा बरं. काढलात? आता मी न बघताच सांगते, तुम्ही काय काढलंय ते. मधोमध एक मोठ्ठं दार. दाराच्या दोन्ही बाजूंना सारखेच बुरूज. दारातून नाकासमोर चालत गेलं की थेट सिंहासन. डावीकडे चार खिडक्या असतील तर उजवीकडेही चारच. हो की नाही?

लाजायचं कारण नाही. जगातल्या बऱ्याच राजांनी हेच केलं. राजवाडा म्हणजे कसा, पट्टी ठेवून आखल्यासारखा दिसला पाहिजे!

आता दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल शहरात जाऊ. तिथे छांगदॉकगुंग नावाचा राजवाडा आहे. हळूहळू म्हणा: छांग, दॉक, गुंग. यातलं 'गुंग' म्हणजे राजवाडा. याचं मुख्य दार मधोमध नाहीच. ते आहे पार नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. दारातून आत शिरलात की समोर सिंहासनबिंहासन काही नाही, झाडं दिसतात. थोडं सरळ चालायचं, मग उजवीकडे वळायचं, एक दगडी पूल ओलांडायचा, आणखी एक दार, मग एक अंगण, मग डावीकडे वळायचं, आणि तेव्हा कुठे राजाच्या दरबाराचा महाल समोर येतो. एखाद्या नवख्याने वाटेत विचारावं, "अहो, राजा नक्की इथेच राहतो ना?"

असं का बरं? बांधणाऱ्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती का?

येत होती की! त्याच शहरात, अगदी जवळ, 1395 साली बांधलेला ग्यॉंगबोकगुंग हा राजवाडा होता, आणि तो अगदी शिस्तीत, सरळ रेषेत आखलेला. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1405 साली, जोसॉन घराण्याचा तिसरा राजा थेजोंग याने त्याच्या पूर्वेला हा दुसरा राजवाडा उभारला. पण इथली जमीन सपाट नव्हती. मागे डोंगर, त्याच्या सोंडा खाली उतरलेल्या, मधून ओढा वाहतोय. समोर दक्षिणेला घराण्याच्या पूर्वजांचं पवित्र मंदिर आधीच उभं होतं, त्यामुळे दार तिकडे मधोमध काढायची सोय नव्हती. मग दोनच मार्ग उरले. एक तर डोंगर खणून जमीन सपाट करायची. नाहीतर डोंगर जिथे जागा देईल तिथे इमारती बसवायच्या. कोरियात तेव्हा जुनी समजूत होती की पाठीशी डोंगर आणि पुढे पाणी असेल तीच जागा राहायला उत्तम. थंडीतला उत्तरेचा बोचरा वारा डोंगर अडवतो, उतारावर पावसाचं पाणी साचत नाही, दक्षिणेकडून ऊन येतं. समजूत असली तरी हवामानाचा हिशेब तिच्यात चोख आहे. असला उपयोगी डोंगर कोण खणून टाकेल?

म्हणून इमारती वळल्या, डोंगर नाही वळला.

पण गंमत ऐका. हे सगळ्यांना पटलं नव्हतं. राजवाड्याचं बांधकाम बघणारा एक अधिकारी होता, पाक जाछॉंग. दरबाराच्या दारापुढचं अंगण त्याने चौकोनी केलं खरं, पण समोरासमोरच्या बाजू सारख्या नाहीत. एका टोकाला अंगण रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. भूमितीच्या भाषेत समलंब चौकोन! 1419 साली थेजोंगने ते पाहिलं आणि तो असा भडकला की पाक जाछॉंगची रवानगी थेट तुरुंगात झाली. वाकडं अंगण बांधलं म्हणून तुरुंग! तुमच्या भूमितीच्या वहीतले चौकोन आठवा आणि तुमच्या बाई किती दयाळू आहेत ते बघा. आजचे अभ्यासक म्हणतात की बिचाऱ्याची चूक नव्हतीच. अंगण काटकोनात आणायचं तर त्या पवित्र मंदिराकडे जाणारी डोंगराची सोंड कापावी लागली असती. त्याने ती कापली नाही. सोंड राहिली, अंगणही वाकडंच राहिलं. आजही तिथे जाऊन मोजता येतं.

डोंगराला इतकं जवळ केलं, की डोंगरावरचे रहिवासीही येणारच. 1592 साली जपानने कोरियावर स्वारी केली, त्या धामधुमीत हा राजवाडा जळून गेला. बरीच वर्षं जागा ओसाड पडली. गवत माजलं, झुडपं वाढली. जोसॉनच्या दरबारात रोजच्या घडामोडींची बारीक नोंद ठेवायचे. त्या बखरीत 1607 सालची एक नोंद आहे: छांगदॉकगुंगच्या आवारात वाघिणीने पिल्लं घातली आहेत, आणि ती एकदोन नाहीत, त्यांना पकडा! राजधानीच्या ऐन मध्यावर, राजाच्या घरात, वाघाची पिल्लं खेळताहेत. पुढे दोनतीन वर्षांत राजवाडा पुन्हा उभा राहिला आणि मग अडीचशेहून जास्त वर्षं कोरियाचे राजे मुख्यतः इथूनच कारभार बघत होते. त्या वाघांचे वंशज मात्र आता नाहीत. दक्षिण कोरियाच्या जंगलांत आज एकही रानटी वाघ उरलेला नाही.

आता जुन्या काळातल्या राजाच्या खोलीत मनानेच डोकावू. आत गेलात की पहिली गोष्ट लक्षात येईल: खोलीत पलंग नाही, खुर्ची नाही, शेकोटीही नाही. आणि सोलची थंडी म्हणजे साधीसुधी नव्हे! पारा शून्याच्या खाली दहा अंशांपर्यंत सहज उतरतो. मग राजा कुडकुडत बसायचा की काय?

छे! राजा बसायचा चुलीवर.

म्हणजे अगदी चुलीवर नाही, चुलीच्या धुरावर. जुन्या कोरियन घरांच्या या युक्तीला 'ओंदोल' म्हणतात. घराचं जोतं उंच असतं. त्या जोत्याच्या एका बाजूला बाहेरून एक भट्टी, तिला 'अगुंगी' म्हणतात. तिच्यात जाळ केला की गरम हवा आणि धूर खोलीच्या जमिनीखालच्या बोळकांड्यांतून पळत सुटतात आणि पलीकडच्या टोकाला असलेल्या धुराड्यातून बाहेर पडतात. गरम हवा हलकी असते, तिला वर जायची घाई असते. त्यामुळे उंच धुराडं ती आपोआप ओढून घेतं, पंखा लागत नाही. वाटेत तिची ऊब शोषून घेतात त्या बोळकांड्यांवर बसवलेल्या सपाट दगडी लाद्या. लाद्यांवर मातीचा थर, आणि त्यावर तेल पाजलेला जाड कागद चिकटवलेला. या कागदामुळे धूर फटींतून खोलीत शिरत नाही. आणि हे फार महत्त्वाचं, कारण बंद खोलीत कोंडलेला कोळशाचा धूर जीवही घेऊ शकतो.

पण जाळ विझला की मग? भाकरी झाल्यावर गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होतो का? नाही ना. मग तव्याच्या कितीतरी पट जड दगड किती वेळ ऊब धरून ठेवेल, विचार करा. संध्याकाळी भट्टी पेटवली तर रात्रभर जमीन कोमट राहते. भट्टीच्या जवळची जागा फार तापू नये म्हणून तिथल्या लाद्या जाड घालतात, लांबच्या पातळ. तरीही जवळची जागा सगळ्यात उबदार असतेच, आणि जुन्या कोरियन घरांत ती आजीआजोबांसाठी राखलेली असायची. राजवाड्यात तर भट्टीत लाकडाऐवजी लाकडी कोळसा वापरत, म्हणजे काजळी कमी. आणि धुराडी? ती इतकी सुंदर विटांनी सजवलेली की बघणाऱ्याला वाटावं, हा बागेतला मनोराच आहे.

हिवाळ्याचं झालं. उन्हाळ्याचं काय? त्यासाठी वर बघा, छपराकडे. या महालांच्या कौलारू छपरांची वळचण भिंतीच्या खूप पुढे आलेली असते. आता एक हिशेब करू, घाबरू नका, सोपा आहे.

सूर्य थेट डोक्यावर आला तर आपण म्हणतो तो 90 अंशांवर आहे. महाराष्ट्रात मे महिन्यात हे घडतं, म्हणून आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सोल खूप उत्तरेला आहे, साधारण साडेसदतीस अक्षांशावर, त्यामुळे तिथे शून्य सावलीचा दिवस कधीच येत नाही. 21 जूनच्या दुपारी तिथला सूर्य 76 अंशांवर असतो आणि 22 डिसेंबरच्या दुपारी फक्त 29 अंशांवर, म्हणजे बराच खाली कललेला. समजा वळचण दीड मीटर पुढे आली आहे. जूनमधल्या दुपारी तिची सावली भिंतीवर जवळजवळ सहा मीटर खाली पोचते. म्हणजे अख्खी भिंत सावलीत! डिसेंबरमध्ये तीच सावली जेमतेम 83 सेंटिमीटर. बाकी सगळं ऊन दाराखिडक्यांच्या कागदावर, आणि कागदातून गाळून खोलीत. छप्पर तेच, जागचं हललंही नाही, पण उन्हाळ्यात ते छत्री होतं आणि हिवाळ्यात खिडकी. मला विचाराल तर अख्ख्या राजवाड्यातली सगळ्यात हुशार वस्तू सिंहासन नसून ही वळचण आहे.

छपराची आणखी एक गंमत. राणीच्या महालाच्या छपराला वरचं आढं नाही. बाकीच्या मोठ्या महालांना आहे, याला नाही. लोक सांगतात, आढ्याच्या कोरियन नावात 'ड्रॅगन' आहे आणि राजाही ड्रॅगन समजला जायचा. एका छपराखाली दोन ड्रॅगन कसे बरं राहतील? खरं कारण हेच का ते सांगता येत नाही, पण गोष्ट झकास आहे.

चला, आता मागच्या दाराने बाहेर पडू. कारण खरा खजिना तिथे आहे.

राजवाड्याची एकूण जागा सुमारे 58 हेक्टर, आणि तिच्यातला अर्ध्याहून जास्त भाग, साधारण 60 टक्के, नुसती बाग आहे. तिचं नाव 'हुवॉन'. या शब्दाचा अर्थ अगदी साधा: मागची बाग. म्हणजे आपल्या भाषेत परसबागच! पण बाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कापलेली हिरवळ आणि ओळीत लावलेली फुलझाडं आली असतील, तर ती पुसून टाका. इथे जंगल आहे. ओक, मेपल, पाइन यांनी भरलेले उतार, त्यांमधून पायवाटा, आणि दरीत जिथे पाणी सापडलं तिथे एक तळं आणि तळ्याकाठी एखादी छोटी चौथऱ्यावरची छत्री. झाडांना हवं तसं वाढू दिलेलं. माणसाने केलेलं काम इतकं थोडं की जंगल स्वतःच राजाला भेटायला आल्यासारखं वाटतं.

महालांच्या मागे जिथे डोंगराचा उतार अगदी भिंतीला भिडतो, तिथे मात्र दगडी पायऱ्यापायऱ्यांचे वाफे केले आहेत आणि त्यांत फुलझाडं लावली आहेत. सुंदर दिसतात ते वेगळंच, पण सोलमध्ये वर्षभरातल्या पावसापैकी अर्ध्याहून जास्त पाऊस उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत कोसळतो. नुसता उतार असता तर चिखल थेट राणीच्या दारात! पायऱ्यांवर पाण्याचा वेग मोडतो, मुळं माती धरून ठेवतात.

हुवॉनमधलं सगळ्यात प्रसिद्ध तळं म्हणजे बुयोंगजी. जेमतेम 35 मीटर लांब. तळं चौकोनी, आणि मधोमध एक गोल बेट, त्यावर झाडं. जुन्या कोरियन कल्पनेप्रमाणे आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी. (पृथ्वी चौकोनी नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण तळ्याला सांगू नका.) तळ्याच्या काठावरच्या एका मंडपाचे दोन खांब पाण्यात उभे आहेत. उकाड्यात पाय पाण्यात सोडून कुणी बसलंय, असंच वाटतं. त्याची दारं बाजूला सरकत नाहीत, ती उचलून वर छताच्या आकड्यांना टांगतात! दारं वर गेली की भिंत नाहीशी होते आणि मंडप तळ्याचाच एक भाग होतो. काठाच्या एका दगडावर पाण्यातून उसळी मारणारा मासा कोरलेला आहे, शोधून काढा.

इथे राजा जोंगजो याने वरच्या टेकाडावर 1776 साली दुमजली इमारत बांधली. खाली राजाचं ग्रंथालय, वर वाचायला बसायची जागा आणि समोर तळं. तिच्या दाराचं नाव 'मासा आणि पाणी' अशा अर्थाचं. मासा पाण्यावाचून जगत नाही, तसा राजा प्रजेवाचून. जोंगजोला कवितांचा भारी नाद. तो दरबारी मंडळींना तळ्याकाठी बोलवायचा, विषय द्यायचा, वेळ लावायचा. वेळेत कविता झाली नाही तर शिक्षा काय? होडीत बसवून त्या गोल बेटावर हद्दपारी! निबंध अर्धवट राहिला म्हणून बाईंनी तुम्हाला शाळेच्या हौदातल्या बेटावर पाठवलं तर चालेल का? मला तर चालेल.

आणखी आत, अगदी टोकाला, एक ओढा आहे. 1636 साली राजा इन्जो याने तिथल्या मोठ्या कातळात एक अर्धगोल पन्हळ कोरून घेतली. पाणी पन्हळीतून वळसा घेतं आणि कातळावरून छोट्याशा धबधब्यासारखं खाली उडी मारतं. पन्हळीत मद्याचा पेला तरंगत सोडायचा, काठाने कवी बसलेले. पेला आपल्यापर्यंत यायच्या आत कविता तयार हवी. म्हणजे पाणी हेच घड्याळ!

त्या ओढ्याशेजारी माझी सगळ्यात आवडती इमारत आहे. इमारत कसली, एक खोपटं. राजवाड्याच्या सगळ्या कौलारू महालांमध्ये हे एकटंच पेंढ्याने शाकारलेलं. नाव छॉंगइजॉंग. त्याच्या भोवती भाताचं चिमुकलं खाचर आहे. शेतकऱ्याचे कष्ट राजाला कळावेत, यंदा पीक कसं येतंय ते त्याच्या डोळ्यांपुढे असावं, म्हणून. खाचरात भाताची लावणी करायची, शरदात कापणी करायची, आणि तांदूळ काढून उरलेल्या पेंढ्याने त्याच खोपटाचं छप्पर पुन्हा शाकारायचं. आजही दरवर्षी तिथे लावणी आणि कापणी होते, आणि तोच पेंढा छपरावर चढतो. छप्पर स्वतःच्याच अंगणात उगवतं, असं म्हणा ना!

शरदात गेलात तर बाग पेटल्यासारखी दिसेल. मेपलची पानं लालभडक होतात. दिवस लहान झाले, गारठा वाढला की झाड पानातलं हिरवं हरितद्रव्य मोडून त्यातली कामाची द्रव्यं खोडात परत घेतं, झाकला गेलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने बनवतं. पान टाकून द्यायचंय, तरी त्याला रंगवायची हौस कशाला, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

या आवारातलं सगळ्यात वयस्कर कोण, सांगा बरं? राजवाडा सहाशे वर्षांहून जुना. पण आवारात जुनिपरचं एक झाड आहे, वय सुमारे साडेसातशे वर्षं. म्हणजे राजाने जागा बघितली तेव्हा हे झाड आधीच तिथे उभं होतं, चांगलं शंभराहून जास्त वर्षांचं! ते किती म्हातारं आहे याची थोडीफार साक्ष देणारं एक जुनं चित्रही आहे. 1828 ते 1830 च्या सुमारास दरबारी चित्रकारांनी हा राजवाडा आणि शेजारचा राजवाडा मिळून एक प्रचंड चित्र काढलं, जवळजवळ पावणेसहा मीटर लांब, पक्ष्याच्या नजरेतून दिसेल तसं. तेव्हा ना विमान ना ड्रोन! त्यात प्रत्येक महाल तर आहेच, पण झाडंही एकेक करून काढली आहेत. त्यात हे म्हातारं जुनिपरही आहे, वाकलेल्या फांद्यांना टेकू लावलेलं. 2010 साली एका चक्रीवादळात त्याचा वरचा भाग मोडून पडला. झाड मात्र जगलं, आणि टेकूंवर रेलून अजून उभं आहे.

युनेस्कोने 1997 साली या राजवाड्याला जागतिक वारसा ठरवलं, तेही महाल आणि बाग दोन्ही मिळून. योग्यच केलं. नुसते महाल बघायचे तर त्याहून भव्य महाल जगात ढिगाने आहेत.

हुवॉनमध्ये वाटेल तेव्हा शिरता येत नाही बरं का. ठरावीक माणसांनाच एका वेळी सोडतात, गर्दीने माती तुडवली जाऊ नये म्हणून. वाटेत एका अखंड दगडातून कोरलेली कमान लागेल, पुल्लोमुन. तिच्या नावाचा अर्थ, म्हातारपण न येणारं दार. जो तिच्याखालून जाईल तो म्हातारा होणार नाही म्हणतात. तुम्हाला सध्या गरज नाही, पण आजीला सोबत घेऊन जा. आणि सोमवारी जाऊ नका. सोमवारी राजवाडा बंद असतो.